सातारा ते न्यू जर्सी, परत डॅलसहून: दोन ज्येष्ठांच्या तिकिटाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या उन्हाळ्यातलं. प्रवासी दोघं, आमच्या ओळखीतले साताऱ्याचे काका-काकू. काका एसटीतून रिटायर झालेले, सत्तरीच्या आसपास, काकूंचे गुडघे कुरकुरणारे. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, न्यू जर्सीत एडिसनला, तिची दुसरी डिलिव्हरी जूनच्या पहिल्या आठवड्यात. धाकटा डॅलसजवळ फ्रिस्कोला. म्हणजे प्लॅन असा की आधी लेकीचं बाळंतपण, मग महिनाभर लेकाकडे आणि गणपतीच्या आत साताऱ्याला परत. व्हिसा दोघांचाही आधीचा, चालू. ताईचा निरोप एवढाच की सगळं मिळून अडीच लाखाच्या आत बसव आणि आईची पळापळ होता कामा नये.

शेवटी ते अडीच लाखाच्या आत बसलं, पण कुठलीही गुप्त ट्रिक वगैरे सापडली नाही हे आधीच सांगतो, कारण लोक तेच विचारतात. मंगळवारी रात्री बुक करायचं का, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरला आपले जुने शोध कळू न देता, उघडायचं का, व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून बघायचं का. या केसमध्ये पैसे वाचले ते तारीख दोन-चार दिवस हलवून, परतीचं शहर बदलून आणि बॅगांचा हिशोब आधीच मांडून. बाकी सगळा आरडाओरडा.

सुरुवात झाली धाकट्याच्या स्क्रीनशॉटने. मुंबई-न्यूयॉर्क-मुंबई, माणशी अठ्ठ्याहत्तर हजार. त्याचं म्हणणं, बघ, लाखाच्या खाली मिळतंय आणि तुम्ही कशाला घोळ घालताय. आता हे तिकीट नीट उघडून बघितलं तर ते एक तिकीट नव्हतंच, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं एकत्र चिकटवलेली होती, मुंबई ते पॅरिस एक आणि पॅरिस ते न्यूयॉर्क दुसरं, आणि मध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं की सेल्फ ट्रान्सफर. त्यात पहिलं विमान उतरणार शार्ल द गॉलला आणि दुसरं उडणार ऑर्लीहून. ही दोन विमानतळं पॅरिसच्या दोन टोकांना आहेत. म्हणजे बॅगा उचलायच्या, इमिग्रेशन करून फ्रान्समध्ये शिरायचं, शहर ओलांडायचं आणि परत चेक-इन. आणि फ्रान्समध्ये शिरायचं म्हणजे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा पाहिजे, नुसत्या अमेरिकेच्या व्हिसावर तिथे आत सोडत नाहीत. एकाच तिकिटावर विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणं वेगळं आणि हे वेगळं, हा फरक तिकीट विकणारी साइट ठळक सांगत नाही.

शेंगेनची फी तेव्हा ८० युरो होती (जून २०२४ मध्ये ९० झाली), म्हणजे माणशी सात हजारांच्या वर, वर व्हिसा सेंटरचा चार्ज, फोटो, मुंबईची किंवा पुण्याची खेप. दुसऱ्या तिकिटात चेक-इन बॅग नव्हतीच, ती जाताना-येताना विकत घ्यायची. सगळं मांडलं तर अठ्ठ्याहत्तरचे लाखाच्या आसपास होत होते, आणि त्यात डॅलसचा खर्च अजून आलेलाच नव्हता. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमचं काही देणं लागत नाही, तिकीट बुडालं. पंचविशीतल्या पोराने पाठीवर सॅक टाकून असं जावं, माझी ना नाही. काकूंना नाही.

मग काकांचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त प्रश्न होता. एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याला ठरलेलं भाडं, दिवाळीत हंगामी वाढ झाली तरी ती सगळ्यांना सारखी, मग एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांची भाडी वेगळी कशी? शिवाय एसटीत पासष्टच्या पुढे हाफ तिकीट, पंच्याहत्तरला तर फुकट, बायकांना २०२३ पासून हाफ. विमानात ज्येष्ठ म्हणून कोण विचारतं का? (देशांतर्गत काही कंपन्या सवलत देतात, पण ती मूळ भाड्यावर असते आणि बऱ्याचदा सेलचं तिकीट त्याहून स्वस्त पडतं.)

काकांना सांगितलं ते असं. विमानातल्या इकॉनॉमीच्या सीटा दिसायला सारख्या, पण विकताना त्यांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं, वाय म्हणजे पूर्ण भाडं, त्याखाली बाकीची अक्षरं, कंपनीगणिक वेगळी. प्रत्येक गटाचे नियम वेगळे, तारीख बदलता येते का, पैसे परत मिळतात का, बॅगा किती. सगळ्यात स्वस्त गटात थोड्याच सीटा सोडतात, त्या संपल्या की वरचा गट, आणि विमान रिकामं जाईल असं वाटलं तर खालचा गट परत उघडतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ ला सुपर सेव्हर नावाची स्वस्त तिकिटं काढली तेव्हापासून हे तंत्र वाढत गेलं, त्यांना ज्या सीटा नाहीतर रिकाम्याच जाणार होत्या त्या विकायच्या होत्या आणि त्याच वेळी ऑफिसच्या पैशाने शेवटच्या क्षणी येणाऱ्या साहेबाकडून पूर्ण भाडंही घ्यायचं होतं. आपल्याकडे १९९४ पर्यंत सरकारी कंपन्यांची मक्तेदारी होती, नंतर ती उठली आणि भाडी कंपन्यांनी ठरवायची असं झालं. कोविडच्या काळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ देशांतर्गत भाड्यांना सरकारने खालून-वरून मर्यादा घातली होती, तेवढाच काय तो अपवाद तोपर्यंतचा.

काका म्हणाले, म्हणजे कंडक्टरने गिऱ्हाईकाचं तोंड बघून तिकीट फाडायचं. मी म्हणलं तोंड बघून नाही, तारीख बघून. कारण इनकॉग्निटोवाली समजूत याच ठिकाणी मोडते. तुम्ही तेच तिकीट दहा वेळा शोधलं म्हणून कंपनी भाव चढवत नाही, तुम्ही शोधत असताना खालच्या गटातल्या सीटा दुसऱ्या कोणीतरी घेतलेल्या असतात, किंवा तुलना करणारी साइट थोडा जुना, साठवून ठेवलेला भाव दाखवत असते आणि क्लिक केल्यावर खरा भाव येतो. धाकट्याच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकाच विमानाचे वेगळे आकडे येत होते, तर त्याचं कारण त्याची साइट अमेरिकेची, डॉलरमधली होती आणि माझी भारतातली. रुपयात करून बघितलं की फरक किरकोळ राहिला.

आता तारखा. या केसचा सगळ्यात मजेशीर भाग हाच. काकांना मुळात मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच निघायचं होतं. १६ मार्चला लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं आणि साताऱ्याचं मतदान निघालं ७ मेला. काका म्हणाले मत दिल्याशिवाय मी जिल्ह्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. बरं, मग ८ किंवा ९ मे बघू. तर काकू म्हणाल्या १० तारखेला अक्षय्य तृतीया, पितरांचं आहे, आंबरस-पुरणपोळीचा नैवेद्य आहे, ते करूनच. ताईला डॉक्टरने जूनचा पहिला आठवडा दिलेला, त्यामुळे आईबाबा किमान दोन आठवडे आधी तिथे हवेत. म्हणजे खिडकी उरली ११ ते २० मेची. बाहेरच्या माणसाला वाटेल या लोकांना स्वस्त तिकीट नकोच आहे. पण खरं सांगायचं तर मला अशी माणसं आवडतात, कारण काय हलणार नाही ते एकदा स्वच्छ कळलं की जे हलू शकतं तेवढ्यावरच डोकं लावता येतं. ‘कधीपण चालेल’ म्हणणारे शेवटी कुठलीच तारीख नक्की करत नाहीत आणि महाग तिकीट घेतात.

खिडकीच्या आत मात्र मोठा फरक होता. शनिवार ११ मे आणि रविवार १२ मे, सव्वा लाखाच्या घरात माणशी. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या सुरू असतात, नातवंडांकडे जाणारे आजी-आजोबा याच दिवसांत निघतात, त्यात शनिवार-रविवार म्हणजे सोडायला येणाऱ्यांचीही सोय. मंगळवार-बुधवारला तेच तिकीट एक लाखाच्या आसपास. लोक ‘मंगळवारी बुक करा’ म्हणतात ते बहुधा यातूनच आलं असावं, बुक कधीही करा हो, उडायचं मंगळवार-बुधवारी. शिवाय शनिवारी साताऱ्याहून मुंबई म्हणजे खंबाटकीत रांग आणि खंडाळ्याच्या घाटात रांग, टॅक्सीवाला वेटिंग लावतो तो वेगळाच.

परतीचं उलटं होतं. ऑगस्टमध्ये भारतातून अमेरिकेकडे जाणारी विमानं विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, कॉलेजं सुरू होतात तिकडे, पण तिकडून इकडे येणारी त्या मानाने मोकळी. अमेरिकेतले आपले लोक सुट्टीला येतात ते जून-जुलैत नाहीतर डिसेंबरात. त्यामुळे ऑगस्टचा शेवट आईवडिलांना परत आणायला चांगला. फक्त एक अडचण, २ सप्टेंबरला सोमवारी तिकडची लेबर डेची सुट्टी, त्या विकेंडला भाव परत वर. आणि ७ सप्टेंबरला गणपती. ३ सप्टेंबरला निघालं तर ५ ला उजाडता मुंबई, ६ ला हरतालिका, घर चार महिने बंद, काकूंनी ते ऐकूनच घेतलं नाही. म्हणून २७ ऑगस्ट, मंगळवार. भावही तोच सगळ्यात बरा होता.

परतीचं शहर हा दुसरा मुद्दा. नव्वद टक्के लोक काय करतात, मुंबई-न्यूयॉर्क-मुंबई रिटर्न काढतात आणि मधलं डॅलस जाऊन-येऊन वेगळं काढतात. इथे तसं केलं असतं तर माणशी अठ्ठ्याण्णव हजारांप्रमाणे दोघांचे एक लाख शहाण्णव हजार, वर नेवार्क (ताईच्या जवळचं न्यू जर्सीतलं विमानतळ)-डॅलस-नेवार्क दोघांचं साडेचारशे डॉलरच्या जवळपास, आणि अमेरिकेतल्या आतल्या विमानात बॅगेचे पैसे वेगळे, पहिल्या बॅगेला पस्तीस-चाळीस डॉलर, दुसरीला त्याहून जास्त, प्रत्येक खेपेला. त्र्याऐंशी रुपयांनी डॉलर धरला तर एकेकच बॅग नेऊनसुद्धा बेरीज दोन लाख चव्वेचाळीसच्या पुढे. आणि परत येताना आधी डॅलसहून न्यू जर्सी, मग न्यू जर्सीहून मुंबई, म्हणजे पश्चिमेला गेलेली माणसं उगाच पूर्वेला येऊन थांबणार.

त्याऐवजी एजंट लोक ज्याला ओपन जॉ म्हणतात ते घेतलं. जाताना मुंबई ते न्यूयॉर्क, येताना डॅलस ते मुंबई, सगळं एकाच तिकिटावर. बऱ्याच जणांची समजूत असते की असं केलं की दोन वन-वे लागतील आणि दुप्पट पैसे पडतील. तसं नसतं. एकाच कंपनीचं असेल तर सहसा अर्धं भाडं न्यूयॉर्क रिटर्नचं आणि अर्धं डॅलस रिटर्नचं, असं मिळून ते बनतं. अट एकच, त्या कंपनीची दोन्ही शहरांत विमानं हवीत. त्यामुळे अबू धाबीमार्गे जायचा पर्याय गेला, जो मला खरंतर आवडला होता, कारण तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर सरळ बाहेर, पण ती कंपनी डॅलसला जात नव्हती. मुंबईहून थेट न्यूयॉर्कचं विमान बघितलं, सोळा तासांच्या आसपास एका बैठकीत, भाडं वीसेक हजार जास्त आणि काकूंच्या गुडघ्यांना मध्ये उठून चालायला मिळालेलं बरं असं डॉक्टरांचंही म्हणणं. दोहामार्गे दोन्ही शहरं होती. साडेतीन तास दोहापर्यंत, तिथे तीन तास थांबून मग चौदा तासांचं मोठं विमान. ठरलं.

शोधताना एक बारीक गोष्ट, कामाची आहे म्हणून सांगतो. गुगल फ्लाइट्सवर रिटर्न शोधलं तर तारखांचा पूर्ण तक्ता दिसतो, कुठल्या दिवशी जाऊन कुठल्या दिवशी आलं तर किती. मल्टी सिटी टाकलं की तो तक्ता गायब. मग काय केलं, आधी मुंबई-न्यूयॉर्क रिटर्नचा तक्ता काढून जायचे स्वस्त दिवस बघितले, मग मुंबई-डॅलस रिटर्नचा काढून यायचे स्वस्त दिवस बघितले, आणि मग त्या दोन तारखा मल्टी सिटीत घातल्या. आणि शहराच्या रकान्यात न्यूयॉर्कचं जेएफके, नेवार्क आणि फिलाडेल्फिया तिन्ही एकदम टाकता येतात, एडिसनला तिन्हीकडून गाडीने जाता येतं.

आता १४ मे की १५ मे. मंगळवार १४ ला दोन प्रवासी टाकले तर माणशी एक लाख नऊ हजार. एकच प्रवासी टाकला तर एक लाख चार. म्हणजे स्वस्त गटात एकच सीट शिल्लक होती, आणि तुम्ही दोन मागितल्या की सिस्टीम दोघांनाही वरच्या गटात टाकते, एकाला स्वस्त आणि एकाला महाग असं करत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं आणि चार-पाच जणांच्या कुटुंबाला याचा चांगलाच फटका बसतो. उपाय म्हणजे दोन वेगळी बुकिंग करायची, एक स्वस्तात आणि एक महागात, पाच हजार वाचतात. मी ते करू दिलं नाही. दोन वेगळे पीएनआर म्हणजे कंपनीच्या लेखी दोन अनोळखी माणसं, विमान रद्द झालं तर एकाला आजच्या विमानात आणि एकाला उद्याच्या विमानात टाकू शकतात, आणि काकू एकट्या दोहाला. पाच हजारांसाठी हे नको. मग १५ चं बघितलं, बुधवार, दोन प्रवासी टाकूनही माणशी नव्व्याण्णव हजार. प्रश्नच मिटला.

मधल्या काळात बाकीची दुकानंही फिरून झाली. एका नावाजलेल्या बुकिंग साइटवर पहिल्या पानावर सत्त्याण्णव दिसत होते, शेवटच्या पानावर एक लाख तीन झाले, त्यात कन्व्हिनियन्स फी, आपोआप टिक झालेला विमा आणि ‘फ्री कॅन्सलेशन’ नावाचं काहीतरी. असं गुपचूप टोपलीत टाकणं आणि भाव थेंबाथेंबाने वाढवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच डार्क पॅटर्न म्हणून बंद करायला सांगितलेलं आहे, पण टिक काढायचं काम अजूनही आपलंच. पुण्यातल्या एका एजंटने एक लाख बारा सांगितले आणि व्हॉट्सॲपवर ‘आज रात्री बारापर्यंतच रेट’. एजंटांना मी नावं ठेवत नाही, ग्रुपच्या सीटा त्यांच्याकडे असतात आणि कधीकधी खरंच स्वस्त मिळतं, शिवाय ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना फोन करायला माणूस असतो. पण एजंटकडचं तिकीट बदलायचं तर एजंटमार्फतच, आणि रात्री दोनला डॅलसहून धाकटा त्याला फोन करत बसणार का?

म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं. त्याचा अजून एक फायदा, चोवीस तासांची मुभा. आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, तेव्हाच्या नियमात ती होती आणि अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमातही, प्रवासाला निघायला अजून सात किंवा जास्त दिवस असतील आणि तिकीट थेट कंपनीकडून घेतलं असेल तर चोवीस तासांत दंड न भरता रद्द करता येतं. आम्ही रात्री बुक केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी निवांत तपासलं. काकूंच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि काकांचं नाव दोन्ही आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात, तिकिटावर अगदी तसंच हवं. ताईने तिच्या डॉक्टरच्या तारखांशी जुळवलं, जावयाने जेएफकेला यायची सुट्टी टाकली. मगच पेढे.

भाड्याच्या प्रकारात मात्र जरा वाद झाला. नव्व्याण्णव हजारांच्या तिकिटात तारीख बदलायला दंड होता, एक लाख पाच हजारांच्या तिकिटात नव्हता. धाकटा म्हणे बारा हजार फुकट घालवताय. मी ताईच्या बाजूने. बाळंतपणाला जाणाऱ्या आईवडिलांची परतीची तारीख ही शिवाजी पुलावरच्या पुराच्या पाण्यासारखी, चढेल का उतरेल कोणी सांगू शकत नाही. डिलिव्हरी पुढेमागे झाली, ताईची तब्येत, काकूंची तब्येत, काहीही. पण एक गोष्ट सगळ्यांना स्पष्ट सांगितली, ‘दंड नाही’ म्हणजे बदल फुकट नाही. नव्या तारखेला तुमच्या गटात सीट नसेल तर भाड्यातला फरक भरावाच लागतो, आणि खरा खर्च दंडापेक्षा त्या फरकाचाच असतो. आणि तिकीट रद्दच केलं तरी विमानतळाचे आकार आणि सरकारी कर परत मिळतात, नॉन-रिफंडेबल तिकिटाचेसुद्धा, डीजीसीएचा नियम आहे, मागावे लागतात बरेचदा एवढंच.

धाकट्याने अजून एक शक्कल काढली होती तीही नोंदवतो. डॅलसहून मुंबईमार्गे पुढे कुठेतरी जाणारं तिकीट स्वस्त दिसतंय, ते घेऊ आणि मुंबईलाच उतरू. याला हिडन सिटी म्हणतात. चेक-इन केलेल्या बॅगा शेवटच्या गावी जातात, रस्त्यात उतरलात तर त्या पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, आणि कंपन्यांना हे अजिबात खपत नाही, अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या साइटला युनायटेड एअरलाइन्सने २०१४ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२३ मध्ये कोर्टात खेचलं होतं. चार मोठ्या बॅगा आणि दोन ज्येष्ठ घेऊन हा खेळ कोण खेळणार.

उरलं न्यू जर्सी ते डॅलस, जुलैच्या शेवटी. हे मुद्दाम उशिरा घेतलं, डिलिव्हरी झाल्यावर, कारण आतल्या विमानांना पर्याय भरपूर. साउथवेस्ट या तिकडच्या कंपनीच्या विमानात तेव्हा दोन बॅगा फुकट होत्या (मे २०२५ मध्ये ते बंद झालं) पण ती नेवार्कहून उडत नाही, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर जावं लागणार, म्हणजे एडिसनहून अख्खं न्यूयॉर्क ओलांडायचं, टोल, ट्रॅफिक आणि घरी दीड महिन्याचं बाळ. नेवार्कचं माणशी एकशे तीस डॉलर आणि बॅगेचे पस्तीस, लागार्डियाचं एकशे साठ आणि बॅगा फुकट. एकेक बॅग असेल तर दोन्ही जवळपास सारखेच. आणि एकेकच बॅग लागली, कारण जाताना चार बॅगांत मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा सगळा संसार होता, तो उतरल्यावर दोन बॅगा पूर्ण रिकाम्या झाल्या. रिकामी बॅग दुसऱ्या बॅगेत घालून नेली, मोठीच्या आत जराशी लहान बसते, हे काकूंनी साताऱ्यातच बॅगा घेताना बघून ठेवलं होतं. दुकानदाराला वाटलं असेल ही बाई चार बॅगा एकमेकीत घालून काय करतेय.

हिशोब: आंतरराष्ट्रीय तिकीट दोघांचं दोन लाख दहा हजार, आतलं विमान आणि बॅगा मिळून सत्तावीस हजारांच्या जरा वर, साताऱ्याहून मुंबईची टॅक्सी सात-साडेसात हजार. एकूण दोन लाख पंचेचाळीसच्या आत. व्हीलचेअरला पैसे नाहीत, ती बुकिंगमध्येच टाकून ठेवली. आपल्याकडे बरेच धडधाकट लोक फक्त इंग्रजीच्या धास्तीने व्हीलचेअर मागतात आणि त्यावर लोक नाक मुरडतात, पण काकूंना ती खरंच लागत होती. जेवण हिंदू व्हेज सांगून ठेवलं, तेही फुकट.

निघायच्या दिवशीची एक गोष्ट. विमान १५ मेचं, पण पहाटे चारच्या सुमारास. म्हणजे घरातून १४ ला दुपारी निघायचं. तिकिटावरची १५ तारीख बघून १५ ला रात्री विमानतळावर पोचलेली माणसं असतात, म्हणून काकांच्या कॅलेंडरवर १४ तारखेलाच गोल केला होता. पहाटेच्या विमानाचा फायदा हा की मुंबईत हॉटेल लागत नाही. १३ ला मुंबईत वादळ झालं होतं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं गेली होती आणि विमानतळही काही वेळ बंद होता, त्यामुळे दोन तास आधीच निघाले आणि टर्मिनल दोनला आरामात पोचले.

तारीख बदलायची मुभा शेवटी वापरली नाही. ऑगस्टच्या मध्यावर ताईने विचारलं होतं, ऑक्टोबरपर्यंत थांबा ना, व्हिसाच्या हिशोबाने नोव्हेंबरपर्यंत राहता येतं. फरक बघितला तर दिवाळीच्या आधीचे दिवस, माणशी तीस हजारांच्या वर. काकांनी आकडा ऐकायच्या आधीच गणपतीचं सांगून विषय मिटवला होता. आता धाकट्याला डिसेंबरात लग्नाला इकडे यायचंय आणि त्याला ख्रिसमसच्या आदल्या शनिवारचंच तिकीट स्वस्तात हवंय. त्याला म्हणलं बॉसकडे दहा तारखेपासूनची सुट्टी माग, मग बोलू.